तीन हातोडे आणि खाली तुझं नाव

सुधीरदादा, तू गेलास हे कळलं तेव्हा माझ्या एका पायात उंच टाचेची चप्पल होती आणि दुसरा पाय उघडा होता. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत मी एका मालिकेतल्या लंगड्या सासूच्या पावलांना आवाज देत होते. मध्ये फोन बघितला, तर नाटकवाल्यांच्या ग्रुपवर तुझा फोटो, आणि फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग. मी तो फोटो बोटांनी मोठा करून नीट बघितला. मनात पहिला शब्द जो आला तो सांगते, तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. पळाला.

सहा वर्षं मी तुझ्याकडून एका वाक्याची वाट बघत होते. 'हेमा, ते तुझं होतं.' बस, चार शब्द. ते न बोलता तू सटकलास. मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात केला आणि मी सासूचे उरलेले जिने चढले.

सध्या लोक तुझ्यावर बरंच लिहितायत. बँकेतली नोकरी सांभाळून इतक्या नाटकांना संगीत दिलं, माणूस किती साधा, स्वभाव किती शांत. लिहू दे त्यांना. मला जे माहीत आहे ते मी लिहिते.

घाटकोपरला कॉलेजांच्या एकांकिकांची स्पर्धा होती आणि तू परीक्षक होतास. मी एकोणीस वर्षांची, आमच्या एकांकिकेचे आवाज लावत होते. आम्ही हरलो. सामान आवरत होते तर तू साउंड बूथच्या दारात उभा.

"तो दाराचा आवाज उशिरा का दिलास?"

मी घाबरले. म्हटलं, "तिने दाराला हात उशिरा लावला, सर."

"संहितेत तर आधी आहे."

"संहितेत आहे हो, पण ती थांबली ना."

तू हसलास. म्हणालास, "सर नको, दादा म्हण. रविवारी मुलुंडला ये."

आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातून मुलुंड म्हणजे दोन बसा बदलून निम्मा दिवस. दुसऱ्या मजल्यावरची तुझी मागची खोली, भिंतींना उभ्या टेकवलेल्या जुन्या गाद्या, पेटी, आणि वहिनींनी आणून दिलेले पोहे. पहिल्या दिवशी तू मला काहीच शिकवलं नाहीस. बाल्कनीत डोळे मिटून बसवलंस, तासाभराने म्हणालास, काय काय ऐकलंस ते लिही. मी अकरा आवाज लिहिले. तू त्याच तासाभरात ऐकलेले चाळीस वाचून दाखवलेस. त्यात एक होता, 'समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅस बारीक केला.' मला वाटलं, फेकतोय. दोन वर्षांनी त्याच बाल्कनीत मला तो आवाज ऐकू आला. मी ओरडले, "दादा, गॅस!" आणि तू आतून म्हणालास, "झकास. आता घरी जाऊन झोप."

हे तू दिलंस. हे मी नाकारत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

आणि देवनार आठवतं का? एका नाटकाला तुला कचऱ्याच्या डोंगरावरच्या घारी हव्या होत्या. रेकॉर्ड केलेल्या घारी कुठेही मिळाल्या असत्या, पण तुला खऱ्या, तिथल्याच हव्या होत्या. वारा इतका, की मायक्रोफोनमध्ये नुसती फडफड ऐकू येत होती. तू नाकाला लावलेला रुमाल सोडलास आणि मायक्रोफोनला गुंडाळलास. तासभर उघड्या नाकाने त्या वासात उभा राहिलास. परत येताना रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत आपल्याला उतरवलं, "साहेब, पॅसेंजर बसणार नाय नंतर," आणि आपण रस्त्यावर उभं राहून पोट दुखेपर्यंत हसलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, असा माणूस आयुष्यात एकच भेटतो.

दर नारळी पौर्णिमेला मी तुला घरी बोलवायचे. "दादा, ये ना. आई कोलंबी करेल, बाबा होडीतून फिरवून आणतील." दर वर्षी तू म्हणायचास, "पुढच्या वर्षी नक्की." दहा वर्षं पुढचं वर्ष आलंच नाही. एकदा वहिनी चुकून बोलून गेल्या, "अगं, त्याला सुक्या मासळीचा वास सहन होत नाही." मी हसून सोडून दिलं. तेव्हा सोडून दिलं. देवनारचा वास तुला चालला, दादा. माझ्या घरचा चालला नाही.

मग ते कपाटाचं नाटक आलं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायला हवं. एका बाईचा नवरा घरातून निघून गेलाय, ती वाट बघतेय, सगळं नाटक वाट बघण्यात जातं. दुसऱ्या अंकात ती एकही शब्द न बोलता त्याचं कपाट रिकामं करते. सात मिनिटं. तिथे फक्त संगीत. नंदिनी काम करत होती आणि ती पहिल्या तालमीपासून त्या सात मिनिटांना घाबरून होती. "मला धरायला काहीतरी द्या रे," म्हणायची.

तू पाच आठवडे अडलास. पेटी, सतार, बासरी, सगळं करून बघितलंस. दिग्दर्शक तालमीत तुझ्या अंगावर ओरडला, आणि तू खाली बघत चहा ढवळत राहिलास. त्या सात मिनिटांचं संगीत मग मी केलं. खरं सांगते, ते संगीत मी नाटकासाठी केलं नाही. तुझी मान वर व्हावी म्हणून केलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवतात. त्या वर्षी बाबा आणि माझे दोन काका आमची होडी करत होते, तिघांचे तीन हातोडे. पुढच्या सुक्या फळ्या उंच बोलतात, खालच्या जाड फळ्या खर्जात. कापूस बसत जातो तसा आवाज भरीव होतो. तिघं आपापल्या लयीत ठोकतात, आणि मधेच, कुणी न ठरवता, तिघांचे हातोडे एकत्र पडतात, आणि पुन्हा सुटतात. मी लहानपणापासून ते एकत्र पडण्याची वाट बघत बसायचे. तेच मी रेकॉर्ड केलं. तीन आठवडे घरी बसून कापलं, जोडलं, त्याखाली पेटीचा एक लांब सूर ठेवला आणि वर माझ्याच आवाजात चार सुरांची गुणगुण. वाट बघणाऱ्या बाईला ते लागू पडेल असं वाटलं. तिची लय सुटलेली, आणि कधीतरी क्षणभर सगळं जुळल्यासारखं होतं.

मुलुंडच्या खोलीत तू ते डोळे मिटून ऐकलंस. मग चष्मा काढलास.

"पुन्हा लाव."

मी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तू म्हणालास, "शेवटच्या मिनिटातली गुणगुण काढ. तिथे बाई एकटी हवी." मी काढली, आणि ते खरंच सुधारलं. मग तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आता हे माझ्यावर सोड."

मला वाटलं, शेवटचं मिक्सिंग तू करणार.

शुभारंभाच्या जाहिरातीत छापून आलं, संगीत आणि ध्वनी, सुधीर. खाली बारीक अक्षरांत, ध्वनी साहाय्य, हेमा. तालमीच्या हॉलबाहेर वडापावच्या गाडीपाशी मी तुला गाठलं.

"दादा, त्या सात मिनिटांवर माझं नाव?"

"अगं, नाव टीमचं असतं."

"मग टीमचं लिही ना."

"हेमा, दहा वर्षं माझ्याकडे बसलीस. कान मी दिलाय तुला. त्या कानातून जे आलं ते कुणाचं, सांग बघू?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. घरी जाईपर्यंत उत्तर सुचलं. मला जन्मापासून ऐकू येत होतं, दादा. ते हातोडे मी तुझ्याआधी ऐकले होते. पण तोवर तू पाव संपवून, हात पुसून निघून गेला होतास. आपलं भांडण तिथेच उभं राहिलं. आजही तिथेच उभं आहे, त्या गाडीपाशी.

नाटक चाललं. संगीताला पुरस्कार मिळाला, तुला. तेवढंही मी गिळलं असतं. खरंच. आई म्हणायची, गुरू आहे, एखादी गोष्ट देऊन टाक. मी दिलीही असती.

पण एका संध्याकाळी घरी जेवताना मी बाबांना फोनवर तुझी मुलाखत लावून दिली. मला वाटलं, निदान हातोड्यांचं नाव काढेल. मुलाखत घेणाऱ्या बाईने तुला विचारलं, हे कसं सुचलं? आणि तू शांतपणे म्हणालास, "एकदा सकाळी वेसाव्याच्या किनाऱ्यावर फिरत होतो. काही कोळी होडी दुरुस्त करत होते. मी कितीतरी वेळ उभा राहून ऐकत होतो."

बाबांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघून विचारलं, "यो मानूस आपले घरा कवा आयलेला?"

त्यांना काहीच कळत नव्हतं. ते खरंच आठवत होते, कधी आला असेल हा, आपण पाणी तरी विचारलं का. मला तिथे, त्या ताटापाशी, तुझा राग आला तो अजून गेलेला नाही. माझं श्रेय घेतलंस तर घेतलंस. माझी सकाळ घेतलीस. माझ्या बापाला 'काही कोळी' केलंस.

मग मी जे केलं ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

पुरस्कारानंतर खास प्रयोग होता, निमंत्रितांचा. तू पाचव्या रांगेत, सिल्कचा कुर्ता. मी बूथमध्ये. दुसरा अंक सुरू झाला, नंदिनीने कपाटाचं दार उघडलं, ठरल्या क्षणी मला संगीत सोडायचं होतं. मी हात मांडीवर ठेवले.

सात मिनिटं काहीच नाही. हँगर दांडीवर घासल्याचा आवाज, तिच्या बांगड्या, कुणाचा तरी खोकला. नंदिनी दुसऱ्या मिनिटाला चुकली, एका शर्टाची दोनदा घडी घातली. चौथ्या मिनिटाला तिने बूथकडे बघितलं. लोकांना कळलं नाही, मला कळलं. मी तुझ्या मानेकडे बघत होते. तू एकदाही मागे वळला नाहीस. ताठ बसून होतास, आणि मला ते बघून बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

प्रयोगानंतर नंदिनी मेकअप न उतरवता माझ्याकडे आली. "तुमचं जे काय आहे ते बाहेर मिटवा ना. तिथे मी एकटी होते, हेमा. मला वाटलं मीच काहीतरी विसरले. मला वाटलं माझी वाट लागली."

तुझ्यावर नेम धरला आणि मध्ये ती उभी होती.

तू आलास, तेव्हा फक्त म्हणालास, "उद्यापासून येऊ नकोस." आवाज चढवला नाहीस. तू नंतर जे केलंस तेही आवाज न चढवताच केलंस. जो कुणी विचारेल त्याला एकच वाक्य. "पोरगी गुणी आहे, पण बटनावर भरवसा नाही." आमच्या कामात याच्यापुढे काही उरत नाही. मला कुणी नाटक दिलं नाही. खोटंही म्हणता येईना, मीच तुला ते वाक्य हातात दिलं होतं.

चार वर्षं मी दुसऱ्यांची पावलं वाजवली. अंधेरीत एका अंधाऱ्या खोलीत वाळू, फरशी, सुका पाला आणि चपलांचा ढीग घेऊन बसायचं आणि पडद्यावर चालणाऱ्याबरोबर चालायचं. पोलीस, नववधू, म्हातारे, भुतं. मी चांगली होते. चालताना मनात एकच चालू असायचं. एक नाटक, फक्त एक, ज्याच्यावर माझं नाव असेल, आणि समोर तू बसलेला असशील.

ते मिळालं. बोरिवलीचा एक छोटा ग्रुप, पैशाने तोकडा, उत्साहाने उतू जाणारा. त्यांना तुझं ते वाक्य कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. नाटक आई आणि मुलाचं. घर विकायचं की नाही यावर भांडण. शेवटी मुलगा दार आपटून निघून जातो. आई उभी. स्वयंपाकघरातला नळ सकाळपासून कोरडा, उघडाच राहिलेला. दार लागतं आणि नळात आधी हवा फुसफुसते, मग हंड्यात पाणी पडायला लागतं. तिथे नाटक संपतं. संगीत आणि ध्वनी, हेमा. जाहिरातीत ते छापून आलं तेव्हा मी ते वीस वेळा वाचलं.

तुला पास मी स्वतः पाठवला. तिसरी रांग, मधली खुर्ची. चिठ्ठी नाही. मला खात्री होती तू येणार नाहीस. तू आलास.

किती वाळला होतास तू. हातात काठी, दंडाला वहिनींनी धरलेलं. कुणी मला सांगितलंच नव्हतं आजाराचं. क्षणभर हात थांबला माझा. मग म्हटलं, नाही. बसू दे. ऐकू दे. आणि पूर्ण प्रयोगभर मी तुझ्या डोक्याकडे बघून एकेक क्यू, एकेक ठरलेला आवाज, सोडला, दगड मारावेत तसा.

प्रयोग संपल्यावर बूथच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. इतकी वर्षं पावलांचंच काम करतेय, मला चढणाऱ्याचा कुठला गुडघा दुखतोय ते कळतं. तुझा डावा. मधे दोनदा थांबलास. मी खाली येऊन तुला अडवू शकले असते, तेवढी चढण वाचली असती. नाही आले.

तू दारात आलास, धापा टाकत. मला वाटलं, आता. आता म्हणेल.

"नळ दोन सेकंद लवकर येतो," तू म्हणालास.

"काय?"

"दार लागल्यावर लोक श्वास धरून असतात. त्यांना तो सोडू दे. मग पाणी. दोन सेकंद."

सहा वर्षांनी, काठी टेकत जिना चढून, तू हे सांगायला आलास. मी वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हटलं, "पास फुकट होता, दादा. सल्ला मागितला नव्हता."

तू काठी सावरलीस. मग वळलास. उतरताना जास्त वेळ लागला तुला. तेच आपलं शेवटचं बोलणं. तीन आठवड्यांनी ग्रुपवर फोटो.

वहिनींचा फोन आला. "मुलुंडलाच शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवलीय. आवाजाचं तू बघशील का? आणि ते हातोड्यांचं लाव. सगळ्यांना तेच हवंय."

मी दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले. गाद्या भिंतींना तशाच उभ्या होत्या. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पोहे नव्हते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "वहिनी, ते त्याचं नाहीये. माझं आहे."

"ठाऊक आहे मला."

मी गपकन बसले.

"तो काहीही करायचा तर आधी आठवडाभर मला छळायचा गं. हे ऐक, ते ऐक. हे एकदम तयारच आलं. मी तेव्हाच ओळखलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत तुम्ही?"

"संसार होता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुला सांगितलं त्यानं शेवटी? त्या दिवशी गेला होता ना वर."

"नाही."

"तिसऱ्या रांगेत बसून मला म्हणाला होता, आज सांगतो तिला." वहिनींनी पदराने चष्मा पुसला. "आता तू सभेत लाव, नाहीतर नको लावू. काय बोलायचं ते बोल. मी पुढे बसणार आहे, मी उठणार नाही."

मला तुझा आणखी राग आला, दादा. सांगायला चढलास आणि दोन सेकंद सांगून उतरलास. मला त्यांचाही राग आला. इतकी वर्षं त्यांनी मला पोहे वाढले आणि तोंड मिटून ठेवलं.

सभेला हॉल भरला होता. कपाटाच्या नाटकाचा दिग्दर्शक बोलायला उभा राहिला आणि त्याने तीच गोष्ट सांगितली. वेसाव्याचा किनारा, सकाळ, सुधीर उभा राहून ऐकतोय. लोकांनी डोळे पुसले. मग तो म्हणाला, आता आपण ते ऐकू या. मी मिक्सरपाशी होते. माइक हातात घेतला.

म्हटलं, "आता जे ऐकाल त्याचं संगीत माझं आहे. हातोडे माझ्या वडिलांचे आणि दोन काकांचे आहेत. सुधीरदादा वेसाव्याला एकदाही आला नव्हता. शेवटच्या मिनिटातली माझी गुणगुण त्याने काढायला लावली, ते त्याचं, आणि ते बरोबर होतं. बाकी सगळं माझं."

आणि सोडलं. जरा मोठ्यानेच सोडलं.

शोकसभेतून कुणाला उठून जाता येत नाही, तुला माहितीये. सात मिनिटं सगळे खिळून बसले. दिग्दर्शक स्टेजवर तसाच उभा, कुठे बघावं कळेना त्याला. हार घातलेला तुझा फोटो मधोमध. वहिनी पहिल्या रांगेत, पाठ सरळ. मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते. ज्याने ज्याने मला काम नाकारलं होतं तो तिथे होता. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? जीव निवला.

नंतर एक ज्येष्ठ नट माझ्यापाशी आले. म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. एवढं तरी बघायचं होतं."

म्हटलं, "जिवंतपणी सहा वर्षं होती ना त्याच्याकडे."

ते गेले. मागे नंदिनी उभी होती. तिला बघून माझा सगळा गोडवा उतरला. म्हटलं, "नंदिनी, त्या प्रयोगाचं… सॉरी. खूप आधी म्हणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. "मी माफ नाही केलेलं. पण आज बोललीस ते बरं केलंस."

मला तिचं म्हणणं पटलं. मीही तुझ्याबद्दल एवढंच म्हणू शकते, आणि तू तर आज काही बोलशील अशीही सोय नाही.

घरी आले. बाबांना सगळं सांगितलं, त्यांचं नाव घेतलं तेही. ते जाळं विणत होते. "बरा केलास," म्हणाले. "आता जेव."

आणि जेवताना मला रडू आलं. आई म्हणाली, आता का, आता तर सगळं झालं. मला तिला सांगता येईना. त्या हॉलचं छप्पर पत्र्याचं होतं, दादा, आणि शेवटच्या मिनिटात, बाई एकटी असते तिथे, हातोड्याचा खर्ज त्या पत्र्याला लागून परत येत होता, जरासा उशिरा, जणू चौथा कुणीतरी ठोकतोय. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि असं काही सांगायला मला जगात एकच माणूस होता. कितीही शिव्या घातल्या तरी दुसरा माणूस सापडेना. बराच वेळ ताट तसंच राहिलं.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस.

काल बोरिवलीला प्रयोग होता. शेवटचा प्रवेश. मुलाने दार आपटलं. माझं बोट बटनावर होतं, रोजच्यासारखं दाबायला निघालं, आणि मी ते अडवलं. हॉलमध्ये इतके लोक आणि एकाचाही आवाज नाही. एक. मग ऐकू आलं. पुढून कुठूनतरी एक श्वास सुटला, त्यामागे दुसरा, मग सगळ्या हॉलचा, सुपातून तांदूळ सरकावेत तसा. दोन. मी बटन दाबलं. नळ फुसफुसला आणि हंड्यात पाणी पडलं, आणि आईचं काम करणारी बाई, जी रोज तिथे नुसती उभी राहते, काल पाण्याच्या आवाजाने खाली बसली.

बरोबर होतास तू, मेल्या. बरोबर होतास.

आता तो क्यू तसाच राहणार, दर प्रयोगाला दोन सेकंद थांबून. दिग्दर्शिका बूथमध्ये धावत आली, "हेमा, काय केलंस ते, कसं सुचलं तुला?" मी वायर गुंडाळत होते.

म्हटलं, "सुचलं. माझं मलाच."